पुनवेचं पान

१२ ऑक्टोबर, शनिवार. आश्विन शुद्ध दशमी

युनियनवाल्यांनी जानेवारीत बाबाले दिलेली ही डायरी दहा महिने टीव्हीखाली पडून होती. आज दसऱ्याले बाबांनी तिच्यावर पाना-पक्कड ठेवून हळदकुंकू वाहिलं, अन् पूजा झाल्यावर माझ्याकडे सरकवली. "घे, तू लिव. माह्याजवळ लिवासारखं काय हाय?"

तं लिहून राहिली. मी उन्नती, वय वीस, भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये जन्मली अन् तिथंच वाढली. शाळा हिंदीतून, कॉलेजबी तसंच. मराठी फक्त घरात. वाचायले शिकली ते भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून, मावशी दरवर्षी नागपूरहून पाठवते ते. म्हणून मले तारखेच्या आधी तिथी दिसते. दुसरंबी कारण आहे. पुनवेच्या रात्री मी लांडगा होते.

लिहून पाहिलं. कागद फाटला नाही.

तीन वर्षं झाली. हे आलं माझ्या आजीकडून, मनकर्णाबाईकडून. भंडाऱ्याकडच्या गावात ती पुनवेले धानाच्या बांध्यांतून पळायची, अन् लहानपणी बाबा रातभर तिचं लुगडं घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसून राहायचे. आता माझ्यासाठी बसतात. पुनवेच्या संध्याकाळी स्कूटरवर मले नंदिनी गावाकडे नेतात, तिथल्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीपाशी, अन् सकाळी परत आणतात. बाबा स्टीलच्या प्लांटमध्ये क्रेन चालवतात. त्यांचा एकच नियम आहे: "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडत नसते." आपल्या जागेवर दुसरा माणूस येत नाही तोवर उठायचं नाही, मग शिफ्ट संपो की दिवस संपो.

३१ डिसेंबरले बाबा रिटायर होतील. क्वार्टर सोडून आम्ही दुर्गच्या पद्मनाभपूरले जाऊ. बाबाले खोकला आहे, रातभर दगडावर बसून तो वाढते. त्यांच्या जागेवर माझा रिलीव्हर कोण, हे घरात कोणीच बोलत नाही.

मराठीत लिहून राहिली, कारण खुशबूले मराठी येत नाही. (लिपी तं तीच आहे, हे आत्ता ध्यानात आलं. जाऊ दे.) खुशबू चरोद्याची, रेल्वे कॉलनीतली. सहावीपासून आम्ही एका बेंचवर. तिचं रेल्वेत सिलेक्शन झालं, ट्रेनिंग पार खडगपूरले. ती जायच्या आधी मले तिले दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, मी काय होते. दोन, मले ती आवडते. माझ्या मोठ्या ताईच्या लग्नात नवरदेव, म्हणजे आमचे भाटजी, ताईकडे जसे पाहून राहिले होते, तसं मी खुशबूकडे पाहते. यातली कोणती गोष्ट जास्त भयंकर आहे, मले ठरवता येत नाही.

या डायरीत उरलेली पुनवेची तिन्ही पानं आत्ताच दुमडून टाचण्या लावून टाकल्या. त्या दिवशी मले हातच नसतात, लिहिणार कशानं?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. आश्विन वद्य प्रतिपदा

परवा कोजागिरी झाली. मंडळाच्या मसाला दुधाले आमच्या घरून फक्त आई जाते. मंडळातल्या सिंधुताईंनी गेटवरूनच विचारलं म्हणे, "शीलाबाई, पोरगी यंदाबी नाही का?" आई म्हणाली, "तिले दूध पचत नाही." तीन वर्षांपासून सगळ्या कॉलनीत मी दूध न पचणारी पोरगी आहे.

पुनवेनंतर तीन-चार दिवस माझे नाक-कान भलतेच तेज राहतात. शेजारचं दूध उतू जायच्या आधी मले कळते. फोनची घंटी तं कानात खिळा ठोकल्यासारखी लागते, म्हणून आई फोन बंद करून पिठाच्या डब्यामागं ठेवून देते.

दुपारी खुशबू आली. पुनवेच्या दुसऱ्या नाही तं तिसऱ्या दिवशी ती न सांगता येतेच. योगायोग आहे, दुसरं काय. आल्या आल्या माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

"फिर बेर का काँटा?"

"गार्डन में लगा."

"हूँ," ती म्हणाली, अन् सेफ्टी पिन गॅसवर धरून आणली. काटा काढला, हळद दाबली, वरून एक चापट मारली. मी श्वास रोखून बसली होती. तिच्या ओढणीले खोबरेल तेलाचा अन् रेल्वे यार्डातल्या लोखंडाचा वास येत होता. आज सांगून टाकावं वाटलं. तेवढ्यात आईनं विचारलं चहा की शरबत, अन् मी म्हटलं चहा. झालं, संपली माझी हिंमत.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी प्लांटचा भोंगा वाजला अन् मी एकटीच हसली. सातवीत असताना भोंगा वाजला की खुशबू मान वर करून "हूऽऽऽ" करायची, अन् तिच्यामागून मी. एक दिवस मॅडमनं दोघींले वरांड्यात उभं केलं, तं तिथंबी केलं. तेव्हा मी लांडगा नव्हती. आमच्या दोघींत खरा लांडगा तेव्हा तीच होती.

किती बरे होते ते दिवस! तिच्या दादीनं दिलेला तांदळाच्या पिठाचा फरा मी खायची, माझ्या आईचा झुणका ती. सायकली झाडाखाली टाकून सिव्हिक सेंटरच्या गवतावर पालथं पडायचं. आभाळ प्लांटच्या बाजूनं लाल झालं की ती म्हणायची, "देख, तेरे पापा ने स्लैग गिराया." बाबा क्रेनवर असायचे, स्लॅगशी, म्हणजे भट्टीतून ओततात त्या तापल्या मळीशी, त्यांचा काही संबंध नव्हता, पण मले भारी वाटायचं. तेव्हा तिचा हात माझ्या हातात असायचा अन् त्याचा काही अर्थ नसायचा. आता चुकून बोट लागलं तरी मी संध्याकाळपर्यंत त्या बोटाचाच विचार करते.

२ नोव्हेंबर, शनिवार. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा

खुशबू फराळाले आली होती. आई अन् मी चकल्या तळून राहिलो होतो, ती माझ्या खोलीत वाट पाहत बसली. चांगला अर्धा तास लागला, कारण सोऱ्याची चकती उलटी बसली होती. मी गेली तेव्हा उशी सरकलेली होती अन् खुशबूचे डोळे लाल होते. म्हणाली, "तेल का धुआँ." आमच्या स्वयंपाकघरातला धूर माझ्या खोलीपर्यंत कधी आला नाही. आज कदाचित वारा तसा असेल.

मग तिनं सांगितलं. दादीनं पंचांग पाहून तिचा निघायचा दिवस काढला आहे. "अगहन बदी पंचमी. तेरे लिए तिथि में बता रही हूँ. तू तारीख कहाँ समझती है!" अन् हसली. माझ्यासाठी तिनं तिथी पाठ केली होती. कोणी कोणासाठी एवढं करते का? मले रडू यायच्या बेतात होतं, मी चकली तोंडात कोंबली.

ती गेल्यावर कॅलेंडर पाहिलं. अगहन म्हणजे मार्गशीर्ष. मार्गशीर्ष वद्य पंचमी, २० डिसेंबर. अजून दीड महिना आहे! अन् मधात मार्गशीर्षातली पुनव येते, १५ डिसेंबर. ठरलं तं मग. त्या संध्याकाळी बाबांच्या संग तिलेबी नंदिनीले न्यायचं, अन् सांगायचं. तोंडानं नाही जमलं तं डोळ्यांनी पाहून घेईल. मग तिच्याजवळ विचार करायले पाच दिवस राहतील.

१० नोव्हेंबर, रविवार. कार्तिक शुद्ध नवमी

चरोद्याले गेली होती. खुशबूची ट्रंक आतापासूनच भरलेली आहे. म्हटलं, इतक्यात? ती म्हणाली, "दिन ही कितने बचे हैं!" तिचं असंच आहे. परीक्षेच्या महिनाभर आधी कंपासपेटी भरून ठेवायची.

परत येताना लोकलपर्यंत सोडायले आली. पुलावर थांबलो. खाली यार्डात मालगाडीचे डबे जोडून राहिले होते, धाड धाड करत.

"डायरी लिखती है ना तू?"

"तुझे कैसे पता?"

"उँगली पे स्याही." मग रुळांकडे पाहत म्हणाली, "पुन्नी के दिन भी कुछ लिखा कर. कम से कम पढ़ तो लिया कर."

म्हटलं, पुनवेले असो की कधी, स्वतःच लिहिलेलं काय वाचायचं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सोप्या गणितात चूक केली. गाडी आली. ती हात सोडत नव्हती. मले वाटलं गर्दीमुळे, पण रविवारी दुपारी चरोद्याले गर्दी कुठली?

१९ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिक वद्य चतुर्थी

यंदा पुनव भारी गेली. ताप आहे. फोन पिठाच्या डब्यामागं.

शनिवारी सकाळी मी परत आली तेव्हा बाबा दगडावर बसल्या बसल्या झोपले होते, मफलरवर दव पडलेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला. मी उठवलं तं इतके शरमले, जसं ड्यूटीवर कोणी झोपताना धरलं.

या वेळी खुशबू आली नाही. काटा मी स्वतःच काढला, अर्धा आतच मोडला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ताप उतरला तशी सकाळीच चरोद्याले गेली. तिले पाहून आठ दिवसांच्या वर झाले होते.

कॉलनीत शिरली अन् पाहते तं घराघरापुढं तांदळाच्या पिठाची पावलं. लक्ष्मीची छोटी छोटी पांढरी पावलं, फाटकापासून आत गेलेली. मार्गशीर्षाच्या गुरुवारची ही पूजा आई करते तशी इकडचे लोकबी करतात, अगहन बिरस्पत म्हणतात. पण आमचा मार्गशीर्ष लागायले अजून दहा-बारा दिवस आहेत. मी उभ्या उभ्या विचार केला, हे लोक इतके आधी काहून करून राहिले?

खुशबूच्या दारातबी पावलं होती. दादी भिंतीले टेकून उन्हात बसली होती. मले पाहून म्हणाली, "आ बेटी. फेर ओ तो काली चल दिस."

काल गेली.

म्हटलं, दादी, पंचमी तं पुढच्या महिन्यात आहे. दादीनं आतून लाल पंचांग आणलं अन् बोट ठेवून दाखवलं. अगहन बदी पंचमी, बुधवार, २० नवंबर. अन् म्हणाली की खुशबू स्टेशनावर शेवटपर्यंत गाडीत चढत नव्हती, बापानं ओढून चढवलं.

पावलांवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेनं फाटकापर्यंत आली. मग पुलावर जाऊन रडली. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी बाबांनी समजावून सांगितलं. "अवो, तुले ठाऊक नाई का? त्यायचा महिना पुनवेच्या दुसऱ्या दिवशी लागते, आपला अमावशेनंतर. उजेडाच्या पंधरवड्यात दोघायचा महिना एकच. वद्यात ते आपल्या एक महिना पुढं. त्यायची अगहन बदी म्हंजे आपला कार्तिक वद्य. मी नाई का प्लांटातल्या मिसिरजीच्या पोरीच्या लग्नाले एक महिना उशिरा गेलतो, डिनर सेट घेऊन? मिसिरजीनं लुंगीवर दार उघडलं. पोरगी कवाचीच सासरी!"

आई हसली. मीबी हसायले गेली, पण तोंड वाकडं झालं. बाबा उठून बराच वेळ कॅलेंडरचा खिळा ठोकत बसले. खिळा पक्काच होता.

आज फोन चालू केला. अकरा मिस्ड कॉल. अन् बुधवारचे मेसेज:

"प्लेटफॉर्म पर हूँ."

"5:30. अभी भी टाइम है."

"ठीक है. समझ गई."

काय समजली? मी लिहिलं, कॅलेंडरची गडबड झाली, आमचा महिना वेगळा आहे, माफ कर. दोन तासांनी उत्तर आलं: "तारीख भी लिखी थी मैंने. साफ-साफ." मी विचारलं, कुठं? तिनं लिहिलं, "जाने दे, उन्नति." त्यानंतर घंटी जाते, ती उचलत नाही.

तीन वेळा सगळे मेसेज वरपासून खालपर्यंत पाहिले. कुठंच तारीख नाही. खुशबू कधी खोटं बोलत नाही, म्हणून जास्त लागलं.

८ डिसेंबर, रविवार

सामान बांधून राहिलो. माळ्यावर माझं शाळेचं दप्तर सापडलं. आतल्या कप्प्यात खुशबूच्या अक्षरात "हूऽऽऽ" लिहिलेली चिठ्ठी, तासात चोरून पाठवलेली. मी दप्तर पोटाशी धरून तिथंच बसून राहिली. आईनं खालून आवाज दिला, "उतर आता, काय करून राहिली?" मी म्हटलं, जाळं काढून राहिली.

या घरातली प्रत्येक भिंत मले माहीत आहे, अन् प्रत्येक भिंतीपाशी खुशबू कधी ना कधी टेकून उभी होती. पद्मनाभपूरच्या भिंतींले तिचं नावबी ठाऊक राहणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार. मार्गशीर्ष पौर्णिमा. दुपार

पुनवेच्या पानावर मी पहिल्यांदाच लिहून राहिली. खुशबू म्हणाली होती, त्या दिवशीबी लिहीत जा. हात तं संध्याकाळपर्यंत आहेतच, एवढं साधं इतके दिवस सुचलं नाही. टाचणी काढली, पान उलगडलं. कोरं. म्हणून सहज कोजागिरीचं पान उघडून पाहिलं. तेबी कोरं. मग पंधरा नोव्हेंबरचं.

ते कोरं नव्हतं. जसंच्या तसं उतरवून ठेवते:

"उन्नति, मी तुझी डायरी वाचली. सॉरी. मराठी पहले नहीं आई, फिर आने लगी. एक बात मुझे तीन साल से पता है. बेर के काँटे सेक्टर में नहीं होते. दूसरी का शक था, आज पढ़ के रो ली. ये पन्ना तू खाली छोड़ती है, इसलिए यहाँ लिख रही हूँ, बाक़ी तेरे हैं. काका रिटायर हो रहे हैं. आगे रिलीवर मैं. मले तू आवडते. (सही लिखा?) तिथि तेरे लिए बोलूँगी, पर तारीख भी लिख देती हूँ कि तू गड़बड़ न करे: 20 नवंबर, शाम 5:40, दुर्ग स्टेशन. आएगी तो हाँ समझूँगी. नहीं आई तो कुछ नहीं पूछूँगी. काँटे फिर भी निकाल दूँगी."

खाली टाचणी परत लावली होती, माझ्यापेक्षा सरळ.

दीड महिना हे पान उशीखाली होतं अन् मी त्याच्यावर डोकं ठेवून झोपली. मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

पानाचा फोटो काढून तिले पाठवला. खाली लिहिलं: "आज उघडलं. हो." उत्तराची भीती वाटली, म्हणून फोन तेव्हाच बंद करून आईले देऊन टाकला. आता बाबा स्कूटर पुसून राहिले, निघायचं आहे.

निघायच्या आधी आत्ताच बाबाले सांगून आली. अंगणातच. म्हटलं, बाबा, खुशबू म्हणते पुढचा रिलीव्हर ती होईल. म्हणजे... नेहमीसाठी. स्कूटरच्या आरशावरचा बाबांचा फडका थांबला.

"तिले समदं ठाऊक हाय?"

"तीन वर्षांपासून."

"अन् पोट्टी वेळेची पक्की हाय?"

"ती आहे. मीच नाही."

"हं," बाबा म्हणाले, अन् आरसा पुन्हा पुसायले लागले. आरसा चकाचक होता. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माह्या मायले असं कोनी भेटलं असतं तं मले शाळंत झोप नसती आली."

१९ डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

आज फोन चालू केला. खुशबूचा पहिला मेसेज पंधरा तारखेचाच, फोटो पाठवल्यावर एका मिनिटानं आलेला: "गधी." त्यानंतर चार दिवस रोज एकच प्रश्न: "काँटा निकला?"

सोळाच्या सकाळी टाचेत काटा घेऊनच आली होती. आई पिन गरम करून मागं लागली, पण मी हात लावू दिला नाही.

दुपारी बाबांनी खडगपूरचं तिकीट काढून आणलं. आई डबा भरून राहिली. "मैत्रिणीले भेटाले कोणी एवढ्या दूर जाते का?" असं तीन वेळा म्हणाली, अन् तिन्ही वेळा चिवड्याचा डबा बदलून मोठा घेतला.

२० डिसेंबर, शुक्रवार

दुर्ग स्टेशन. बाबा माझ्या बॅगेवर बसले आहेत, गाडी लागेपर्यंत उठणार नाहीत. मी लंगडत चालली म्हणून एका बाईनं मले बसायले जागा दिली.

खुशबूले मेसेज टाकला: "आज अगहन बदी पंचमी. निघाली."

लगेच उत्तर आलं: "कौन सी तारीख? अंक में लिख."

मी लिहिलं: २०-१२-२०२४, संध्याकाळ. उद्या २१-१२-२०२४, सकाळी, खडगपूर. काटा आतच आहे.

मग वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच चाळीस. आमच्या कॅलेंडरप्रमाणं मी बरोबर वेळेवर आली आहे.